सायलेन्सरचा पाइप आतून बघा

काल शेजारचा मुलगा घरी वेल्डिंग केलेला स्टेनलेसचा बेंड पाइप घेऊन आला. बाहेरून जोड देखणा, आत मात्र काळी, खरबरीत पापडी.

३०४ स्टेनलेसला टिग वेल्डिंग करताना आतून हवा लागली की क्रोमियम जळतं. पुढे तडा तिथूनच जातो.

म्हणून पाइपची तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद करायची आणि आत आर्गॉन सोडायचा. तो हवेपेक्षा जड, म्हणून खालून सोडा, वर बारीक भोक ठेवा. हवा पूर्ण निघाल्यावरच टॉर्च पेटवा. फिलर ३०८एल.

मी आधी नुसते टॅक मारून पाइप गाडीवर बसवून बघतो. कारण पूर्ण वेल्डच्या उष्णतेने तो ओढला जातोच.

जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप मात्र नकोच. जस्ताचा धूर विषारी असतो.

तुमचा जोड कुठे तडकतो? फोटो टाका, बघू.