इन्सुलिनची मात्रा आणि सिरिंजची निवड

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाच बाबींची खात्री करूनच परिचारिकेने औषध द्यावयाचे असते. यांपैकी मात्रेचे महत्त्व इन्सुलिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. भारतात इन्सुलिनच्या कुपीत सामान्यतः प्रति मिलिलिटर 40 युनिट असतात. 100 युनिटच्या कुप्याही मिळतात. दोहोंसाठी सिरिंज स्वतंत्र असते: 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी नारिंगी टोपणाची. 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत घेतल्यास ते अर्धा मिलिलिटर, म्हणजेच 20 ऐवजी 50 युनिट भरते. या अडीचपट मात्रेमुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घटून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. म्हणूनच कुपी व सिरिंज यांवरील अंक जुळल्याखेरीज इन्सुलिन देऊ नये.