हळर्णच्या नावामागे, चाकांवरच्या घरातून

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावात शापोरा नदीच्या काठी सावंतवाडीकर भोसल्यांचा जुना किल्ला आहे. मे 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय दोम पेद्रो द आल्मेदा याने तो जिंकला. या विजयाचं लिस्बनच्या दरबारात इतकं कौतुक झालं की पुढे त्याला ‘मार्किस द आलोर्ना’ हा किताबच मिळाला. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण! पोर्तुगालात आल्मेरीं गावाजवळ 1723 पासून त्याची जमीन होती, तिलाही हेच नाव पडलं. ‘किंता द आलोर्ना’ आजही नांदती आहे. सुमारे 2,800 हेक्टरांचा हा पसारा, आणि तिथल्या वाइनच्या बाटल्यांवर हळर्णचं नाव.

लिस्बनपासून हे ठिकाण ऐंशीएक किलोमीटरवर आहे. सान्तारेंपर्यंत आगगाडी जाते. पण तेजो नदीकाठची सपाट शेतं आणि द्राक्षमळे बघत मनासारखं थांबायचं, तर कॅम्परव्हॅनसारखं वाहन नाही. ती भाड्याने मिळते आणि झोपणं, रांधणं, अंघोळ सगळं तिच्यातच होतं. आता हे सगळं एका टेम्पोएवढ्या जागेत बसतं कसं, ते बघण्यासारखं आहे.

सर्वांत नवल फ्रिजचं. पारंपरिक कॅम्परमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. आग लावायची आणि बर्फ मिळवायचा! त्याच्या बंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. ज्योतीने पाणी तापलं की त्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, वरच्या नळीत निवून पातळ होतो आणि हायड्रोजन भरलेल्या भागात उतरतो. हायड्रोजनच्या सोबतीत अमोनियाचा स्वतःचा दाब अगदी कमी पडतो, त्यामुळे त्याची पुन्हा झपाट्याने वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या कप्प्यातून, म्हणजे आपल्या दुधातून आणि भाजीतून, ओढून घेतो. मग पाणी त्याला परत शोषून घेतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो. यात मोटर नाही, पंप नाही, आवाजही नाही. स्टॉकहोममधल्या बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही युक्ती काढली.

मात्र सगळं पातळ द्रव्य स्वतःच्या वजनानेच खाली वाहत असल्याने गाडी कललेली असेल तर फेरा अडखळतो आणि दूध नासतं. म्हणून मुरलेले व्हॅनवाले मुक्कामाला पोचले की आधी चाकांखाली पाचरी सारून गाडी समपातळीत आणतात, चहाचं नंतर. गाडी चालू असताना ज्योत विझवून फ्रिज बॅटरीवर घ्यायचा असतो. अलीकडच्या पुष्कळ व्हॅनमध्ये विजेवरचा कॉम्प्रेसर असतो. तो सोयीचा खरा, पण त्यात ही जादू नाही.

बाकीचा संसार हिशेबाचा. आतल्या वापराची बॅटरी इंजिनच्या बॅटरीहून वेगळी असते, म्हणून रात्रभर दिवा जळला तरी सकाळी गाडी सुरू होते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. मोटारीच्या साध्या परवान्यावर तिथे 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि त्यात माणसं, पाणी, तांदळाची पिशवीसुद्धा मोजली जाते. सांडपाणी रस्त्याकडेला ओतायचं नाही. ते रिकामं करायला आणि ताजं पाणी भरायला ठिकठिकाणी खास जागा असतात.

रात्री कुठे थांबायचं, याचेही नियम आहेत. 2021 मध्ये पोर्तुगालने ते आधी फार कडक केले, मग त्याच वर्षी जरा सैल केले. आता एका नगरपालिकेच्या हद्दीत उघड्यावर 48 तासांपर्यंत मुक्काम चालतो, पण संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यांत नाही. माझ्या मते हा समतोल बरा आहे. आपल्या किनाऱ्यांवर गर्दी काय करते, ते पेडण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

गोंयकाराला मात्र खरा अडसर येईल तो स्टेअरिंगचा. पोर्तुगालने 1928 मध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली. त्याच राजवटीतला गोवा डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानाच्या रीतीने चालत होतं. राज्य लिस्बनचं, पण चाकं शेजाऱ्याच्या वळणाची! तेव्हा आल्मेरींला जाताना प्रत्येक चौकात ‘उजवीकडे’ असं स्वतःला मोठ्याने बजावा. टोलचंही एक नवल आहे. पुढच्या आसावर गाडीची उंची 1.10 मीटरच्या खाली असेल तर एक दर, वर असेल तर चढा दर. भाड्याने घेताना हे विचारून घ्या.

आल्मेरींची ख्याती ‘सोपा द पेद्रा’, म्हणजे दगडाचं सूप, या पदार्थासाठी आहे. राजमा, डुकराचं मांस आणि गोव्यात घरोघरी ओळखीचा असलेला चोरीस असा त्याचा बेत. शाकाहारी असाल तर मागे आपली शेगडी आहेच.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट जवळ ठेवा. ते आरटीओतून मिळतं आणि एक वर्ष चालतं. विमानात बसण्याआधी ते काढून घ्या.