अर्जापूर्वीचा हिशेब

१९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्रिपदी असताना, राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी अहमदनगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव या तीन ठिकाणी, सहकारी साखर कारखान्यांच्या आश्रयाने, तीन महाविद्यालये उभी राहिली. तोवर अभियंता व्हायचे तर पुणे, कराड किंवा सांगलीसारखे ठिकाण गाठणे भाग होते. आता उसाच्या बिलातून फी भरून, घरची भाकरी खाऊन, शेतकऱ्याचा मुलगा त्या पदवीपर्यंत पोहोचू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. मात्र पदवीच्या पुढे काय, याचा विचार त्या उत्साहात राहूनच गेला.

वस्तुतः असा विचार करण्याची परंपरा याच मातीतली. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून शेतांत खेळत होते. त्या पाण्यावर ऊस किती होईल, भागभांडवल किती जमेल आणि कर्ज किती उचलावे लागेल, याचा ताळेबंद मांडीत लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला सोबत घेतले, आणि मगच १९५०-५१ च्या हंगामात त्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. ज्या पिढीने एवढी आकडेमोड केल्यावाचून यंत्राला हात लावला नाही, तिच्याच नातवंडांनी कोणते काम, कुठे आणि कोणत्या अटींवर, हे मनाशी न ठरवता अर्ज धाडावेत, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

नव्या महाविद्यालयांच्या आरंभीच्या वर्षांतील उमेदवाराची सामग्री ठरलेली असे: प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती, ज्यांवरील सही-शिक्क्यासाठी एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात तिष्ठावे लागे, जातीचा दाखला, पोस्टल ऑर्डर आणि रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड. वर्तमानपत्रातील जाहिरात कापून ठेवायची आणि पहाटेच्या एस.टी.ने पुणे गाठायचे. मुलाखतीत ‘कोणत्या विभागात काम करायला आवडेल?’ असे विचारले की ‘कोणत्याही, साहेब’ हे उत्तर तयार. त्यात नम्रता होती, गरज तर होतीच, परंतु समोरच्या साहेबाच्या कानी त्यातला अनिश्चयच तेवढा पडे.

जिल्ह्याच्या हद्दीतच तेव्हा किती निरनिराळ्या वाटा होत्या! १९७२ साली बाजारात आलेल्या लुनाने घरोघर ठाऊक झालेल्या कायनेटिकचा कारखाना नगरात होता, लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना होता, संरक्षण खात्याची वाहनांचे संशोधन करणारी संस्था होती, पाटबंधारे खाते होते आणि साखर कारखाने तर अनेक तालुक्यांत होते. पाटबंधारे खात्याच्या हुद्द्यासाठी स्पर्धा परीक्षेची तयारी आणि बदलीची मानसिक तयारी, दोन्ही लागत. साखर कारखान्यात बॉयलर व टर्बाइनचे ज्ञान आणि गळीत हंगामात रात्रपाळी करण्याची काटकता लागे. संशोधनाला तर आणखी शिक्षणाची जोड हवी. परंतु बहुतेकांचा अर्ज एकच, फक्त वरचा पत्ता बदललेला.

पुढे पुण्याजवळच्या हिंजवडीतील संगणक कंपन्यांचा काळ आला. यंत्र आणि स्थापत्य शाखांचे पदवीधर पुण्यात खोली घेऊन संगणकाच्या क्लासला बसू लागले, आणि ‘काम कोणते?’ या प्रश्नाची जागा ‘पॅकेज किती?’ या प्रश्नाने घेतली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण शैक्षणिक कर्जाचा हप्ता हा कोणत्याही उपदेशकापेक्षा मोठ्याने बोलतो. तरी २००८ च्या मंदीत भरती आखडल्यावर, पॅकेजखेरीज दुसरे काही ज्यांनी ठरवलेच नव्हते, त्यांची अवस्था अधिक बिकट झाली असे माझे निरीक्षण आहे.

माझ्या परिचयातील राहुरी तालुक्यातल्या एका तरुणाने मात्र पदवीच्या शेवटच्या सत्रातच वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आपला मनसुबा उतरवला होता. काम यंत्रांच्या देखभालीचे. वडिलांच्या आजारपणामुळे घरापासून तीन तासांच्या आत. घरखर्च व हप्ता भागेल एवढे किमान वेतन, ज्याचा आकडा त्याने आईकडून किराण्याचा हिशेब घेऊन काढला होता. आणि दिवाळीपर्यंतची मुदत, त्यानंतर अंतराची अट सैल करायची. त्याखाली नकोशा गोष्टीही होत्या: मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारा करार नको, नोकरीसाठी पैसे मागणारा दलाल नको. या कागदामुळे त्याने अनेक जाहिराती सोडून दिल्या, तेव्हा नातलगांनी त्याला शहाणपणा शिकवला. पण ज्या थोड्या ठिकाणी त्याने अर्ज केले, तिथे आपण का आलो हे त्याला सांगता आले, आणि दिवाळीच्या आत तो पुणे रस्त्यावरील रांजणगावच्या एका कारखान्यात रुजू झाला.

आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, सुपे येथे नवी औद्योगिक वसाहत विस्तारते आहे आणि अर्ज बोटाच्या एका दाबाने जातो. अर्ज करणे इतके सोपे झाल्यामुळेच तो आधी विचार करून करण्याची गरज वाढली आहे. यंदा शेवटच्या वर्षात असलेल्यांनी आपला असा एक कागद घरच्यांसमवेत बसून, किमान वेतनाच्या आकड्यासह आणि मुदतीच्या तारखेसह, पहिला अर्ज पाठवण्यापूर्वी लिहून काढावा.