बूट क्रम एकदा वाचून बघा

सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे २०२६च्या जूनपासून कालबाह्य होणार, ही बातमी आली आणि सगळी चर्चा ‘यंत्रे बंद पडतील का?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. बंद पडणार नाहीत. चालू यंत्रे पूर्वीसारखीच सुरू होतील. फक्त प्रमाणपत्रे बदलली नाहीत, तर बूटच्या टप्प्यावरचे नवे सुरक्षा-सुधार त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. मला या बातमीतली मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. या निमित्ताने अनेक ठिकाणी कित्येक वर्षांनी सर्व्हरच्या फर्मवेअरची सेटिंग उघडली जातील. सर्व्हरने कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचे, ही नोंद तिथेच असते. डिस्क भरली तर इशारा येतो, नेटवर्क तुटले तर फोन वाजतात. पण बूटची नोंद चुकलेली असली, तरी पुढच्या रीस्टार्टपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

ही नोंद बिघडायला कुणी मुद्दाम हात लावावा लागत नाही. मदरबोर्ड बदलला की जुन्या बोर्डाच्या मेमरीतल्या यूईएफआय नोंदी त्याच्याबरोबर जातात. जुन्या यंत्रांत बोर्डावरचा सेल संपलेला असेल, तर वीज गेल्यावर सेटिंग मूळपदावर येतात आणि नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय डिस्कच्या पुढे येऊन बसू शकतो. पण सर्वांत घातक आहे तो मिररिंगवरचा आंधळा विश्वास. सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा असतो, म्हणून एक गेली तरी दुसरी आहेच, असे आपण धरून चालतो. मात्र फर्मवेअरला रेड कळत नाही. त्याला लागते ते छोटे ईएफआय पार्टिशन, आणि ते बहुधा मिररच्या बाहेर असते. पहिली डिस्क जाते, सर्व्हर चालूच राहतो, नवी डिस्क बसते, मिरर पुन्हा जुळतो, सगळे निर्धास्त होतात. नव्या डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन मात्र कुणी आठवणीने भरले नसेल, तर रिकामेच असते. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते, यंत्र रीस्टार्ट होते आणि पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो. डेटा शाबूत आणि सेवा ठप्प! बूटलोडर कॉपी केला तरी काम संपत नाही. यूईएफआयची नोंद त्या विशिष्ट पार्टिशनच्या ओळख-क्रमांकाला बांधलेली असते, म्हणून नव्या डिस्कसाठी नवी नोंद करावी लागते.

तपासणी अवघड नाही. लिनक्समध्ये ‘ईएफआयबूटएमजीआर’ आणि विंडोजमध्ये ‘बीसीडीएडिट’ या आज्ञांनी फर्मवेअरमधल्या नोंदी आणि त्यांचा क्रम दिसतो. लिनक्समध्ये यंत्र आत्ता कुठल्या नोंदीवरून उठले आहे तेही कळते. त्या नोंदीतला पार्टिशनचा क्रमांक आज बसवलेल्या डिस्कशी ताडून पाहायचा. दुरुस्ती करताना थेट कायमचा क्रम बदलण्याऐवजी ‘बूट नेक्स्ट’ वापरावे: ते फक्त पुढच्या एका रीस्टार्टपुरते लागू होते, आणि प्रयोग फसला तर त्यानंतर जुना क्रम परत चालतो. दूरस्थ व्यवस्थापनाच्या कन्सोलवरून बूट डिव्हाइस बदलतानाही ‘एकदाच’ हा पर्याय निवडलाय का, हे दोनदा पाहावे. ‘कायम’ राहिला, तर प्रत्येक रीस्टार्टला यंत्र इन्स्टॉलरकडे जाऊ शकते.

चालत्या सर्व्हरला हात लावू नये, असे जुने जाणते सांगतात. त्यांची भीती खोटी नाही. रीस्टार्ट म्हणजे सेवा थांबणार. पण रीस्टार्ट टाळता येतो तो आपल्या सोयीची वेळ निवडण्यापुरता. आपण निवडली नाही, तर वीज, डिस्क किंवा एखादा सदोष अपडेट ती निवडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली, तेव्हा असंख्य यंत्रे सेफ मोडमध्ये नेऊन एकेक करून सोडवावी लागली. त्यात बूट क्रमाचा दोष नव्हता, पण आपले यंत्र कसे उठते हे ठाऊक असणाऱ्यांची किंमत त्या दिवशी कळली. आता सगळे क्लाउडवर आहे, हा युक्तिवादही टिकत नाही. क्लाउडवरच्या यंत्रालाही बूट डिस्क असते. त्याच दिवशी अनेकांना ती सोडवून दुसऱ्या यंत्राला जोडावी लागली, सदोष फाइल काढावी लागली आणि डिस्क परत पहिल्या जागी लावावी लागली.

मोठ्या डेटा सेंटरपेक्षा मला काळजी वाटते ती एकच सर्व्हर आणि तो सांभाळणारा एकच माणूस असलेल्या पतसंस्थांची, महाविद्यालयांची, छोट्या रुग्णालयांची. प्रमाणपत्रे बदलताना त्यांना रीस्टार्ट करावाच लागेल. त्याच ठरलेल्या वेळेत, बॅकअप तपासून, दोन्ही डिस्कवरून एकेकदा सर्व्हर सुरू करून पाहावा. बूटच्या नोंदी छापून रॅकच्या दाराला चिकटवाव्यात आणि डिस्क बदलली की तो कागदही बदलावा.