त्वचा आणि नखे : रोग ओळखावयाचा कसा?

पोटात कळ आली म्हणजे मनुष्य डॉक्टरांचे दार गाठतो. अंगावर चट्टा उठला म्हणजे मात्र तो प्रथम घरच्यांना, मग शेजाऱ्यांना आणि शेवटी औषधांच्या दुकानातील विक्रेत्याला दाखवितो. त्वचेचा रोग डोळ्यांना दिसतो, आणि जे दिसते ते आपल्याला समजलेच, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तांबूस, खाजरा चट्टा या एकाच रूपाने कितीतरी भिन्न रोग प्रकट होतात. म्हणूनच जाणता डॉक्टर चट्टा पाहण्याइतकाच वेळ विचारपूस करण्यात घालवितो. तो कोठे उठला, त्याचा आकार कसा आहे, रोगी कोणता धंदा करतो आणि आजवर त्यावर काय काय लावले, या प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा निदान दडलेले असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या मानेमागे किंवा कमरेवर असह्य खाजेचा, पाणी सुटणारा चट्टा उठू लागला. चट्टा लहानसा आणि त्याची जागा ठराविक. उलगडा झाला तो त्यांच्या कपड्यांवरून. परीट लोक कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाने त्यावर खूण करीत. सदऱ्याच्या गळपट्टीवरील ती काळी खूण जेथे मानेला टेकत असे, नेमका तेथेच चट्टा! 1943 साली ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ या अर्थाच्या नावाने या विकाराचे वर्णन अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तिकडे ‘पॉयझन आयव्ही’ नावाची एक दाहक वनस्पती रानोमाळ उगवते. ती आणि आपला बिब्बा एकाच कुळातील. मायदेशी जिचा एकदा दंश झाला, तिच्या भावकीतील बिब्बा त्वचेला सोसवेना. आंबा आणि काजूही याच कुळातले. काजूच्या टरफलातील तेलाने हात पोळणे किंवा कैरीचा चीक ओठाला लागून फोड येणे, हे गोव्याच्या वा कोकणच्या माणसाला नवीन नाही. बिब्बा उतला की घरची आजी तो तत्काळ ओळखीत असे, कारण बिब्बा कोणी आणि कोठे लावला हे तिला ठाऊक असे. सैनिकांच्या डॉक्टरांना तीच माहिती कपडे उलटेपालटे करून मिळवावी लागली.

आता याच्या उलट प्रकार. गजकर्ण हा बुरशीचा रोग. त्याचे वर्तुळ मध्ये निवळत जाते, कड मात्र लालसर, खवलेदार राहते. त्या कडेवरील खवले बोथट पात्याने खरवडून, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की बुरशीचे तंतू दिसतात. इतके सोपे निदान अवघड होऊन बसते ते दुकानातून आणलेल्या मलमामुळे. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, लाली मावळते आणि रोगी समाधान पावतो. पण बुरशी मरत नाही, उलट तिला आडकाठी करणारी शरीराची प्रतिक्रियाच तेवढी दबते. कड पुसली जाते, वर्तुळ मोडते आणि रोग निराळ्याच रूपाने मांड्यांवर, पोटावर, पाठीवर पसरतो. 1968 साली इंग्लंडमधील दोन त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘वेषांतर केलेले गजकर्ण’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. भारतात हे वेषांतर आज घरोघरी आढळते. अशा अनेक मलमांना सरकारने 2018 साली चिठ्ठीवाचून न विकावयाच्या औषधांत घातले खरे, परंतु शेजाऱ्याच्या फळीवरील अर्धी नळी कोणत्या कायद्याने अडवावी?

खाजेने निदान मनुष्य बेचैन तरी होतो. खाजही नाही आणि दुखणेही नाही, असा फिकट चट्टा याहून घातक ठरू शकतो. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा बहुधा असाच असतो, आणि तो कधी गजकर्ण, कधी कोड समजून दुर्लक्षिला जातो. कोड खडूसारखे पांढरेफेक असते व तेथे स्पर्श शाबूत असतो. कुष्ठाचा चट्टा केवळ फिकट वा तांबूस असून तेथील स्पर्श मंद झालेला असतो. रोग्याने डोळे मिटावे, दुसऱ्याने कापसाची वात हलकेच टेकवावी आणि जेथे स्पर्श कळेल तेथे रोग्याने बोट ठेवावे, अशी ही परीक्षा आहे. कुष्ठाचा प्रत्येक चट्टा बधिर असतोच असे नाही, विशेषतः चेहऱ्यावरचा. तेव्हा शंका राहिल्यास डॉक्टरांनाच दाखवावे. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी 1873 साली या रोगाचा जंतू शोधला. त्याच वर्षी बेल्जियन धर्मगुरू डेमियन हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेस गेले. पुढे 1884 मध्ये त्यांनी कढत पाण्यात पाय घातला आणि चटका जाणवला नाही, तेव्हा आपल्यालाही रोग जडल्याचे त्यांना कळले, असे सांगतात. 1889 साली ते वारले. त्या काळी उपाय नव्हता. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली एकत्रित औषधे आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात आणि सहा महिने ते एक वर्षात रोग बरा होतो. वेळ दवडली तर मात्र जंतू मेले तरी वाकलेली बोटे सहसा आपोआप सरळ होत नाहीत. लाजेपायी दडविलेल्या चट्ट्याची किंमत ती हीच.

नखांचे वाचन हा त्याहून मौजेचा विषय. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. टायफॉइडसारख्या जबर दुखण्यात ही वाढ थबकते आणि पुढे सर्व नखांवर आडवी खाच उमटते. फ्रेंच वैद्य बो यांनी 1846 मध्ये या खाचांचे वर्णन केले. खाच मुळापासून सहा मिलिमीटर पुढे गेली असेल, तर दुखणे दोन महिन्यांपूर्वी, किंबहुना थोडे आधीच झाले असावे, असा हिशेब मांडता येतो. नख चमच्यासारखे खोलगट झाले तर रक्तातील लोह तपासावे. नखावर अंगुस्तानासारखे खळगे दिसले तर सोरायसिसची शंका घ्यावी. जाड, पिवळट नख म्हणजे बुरशीच, असे मानून महिनोन्महिने गोळ्या घेणारे पुष्कळ. त्यांनी आधी नखाचा तुकडा तपासून घेतलेला बरा.

नखाखालील काळ्या डागाविषयी मात्र विलंब करू नये. बोट दारात चेमटून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. म्हणून डाग व नखाचे मूळ यांतील अंतर मोजून ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे. सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असतात व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु प्रौढ वयात एकाच नखावर, बहुधा अंगठ्यावर, नवी रेघ उमटली, ती रुंदावू लागली आणि काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर तो कर्करोग असू शकतो. तेथे मोजमाप करीत न बसता, नखाला रंग किंवा मलम न लावता, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला नख दाखवावे. तो मुळाशी असलेला लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवील.