पिकअप घेऊन सहकुटुंब कॅम्पिंग: सोलापूरच्या रानात गाडी घालण्याआधी कोणतं गणित करावं लागतं?

टपावर उघडलेला तंबू, हौद्यातून बाहेर सरकणारा स्वयंपाकाचा ओटा, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच आणि शेजारी खुर्च्या टाकून बसलेलं कुटुंब. अशा पिकअप गाड्यांचे व्हिडिओ सध्या सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरतात. त्यातले बरेचसे ऑस्ट्रेलिया, थायलंड किंवा अमेरिकेतले असतात. ते पाहून आपल्याकडेही 'अशी एक गाडी बनवून घेऊ' असं वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

अडचण अशी की, व्हिडिओतली वस्तूंची यादी उचलता येते, तिथली माती, हवा आणि कायदा मात्र उचलून आणता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पाऊस कमी आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरमध्ये पडतो, आणि रान बहुतांश काळ्या मातीचं आहे. इथे कुटुंबासाठी अशी गाडी बनवायची तर सुरुवात दुकानातून नाही, आरसी बुकातून होते.

पिकअप म्हणजे नेमकी कोणती गाडी?

भारतात पिकअप हा शब्द आधी मालाशी जोडला गेलेला आहे. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाईल आणली, पुढे १९९१ ची सिएरा त्याच सांगाड्यावर उभी राहिली. पण गावोगावी पिकअप म्हटलं की कांद्याची पोती आणि दुधाचे कॅनच डोळ्यांसमोर येतात. घरगुती वापरासाठी, चारही चाकांना ताकद देणारी पिकअप म्हणून इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये दाखल झाली, तेव्हा तिची किंमतच ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती. महिंद्राची बोलेरो कॅम्पर त्या मानाने आवाक्यातली आणि तालुक्याच्या गावातही दुरुस्त होणारी.

इथे पहिला फरक लक्षात घ्यावा लागतो. काही पिकअप खासगी वाहन म्हणून नोंदवल्या जातात, तर काही मालवाहू म्हणून. पिवळ्या पाटीची गाडी घेतली की कर, फिटनेस तपासणी, विमा असं सगळंच बदलतं. नोंदणी कोणती होणार हे एमएच-१३ चा क्रमांक पडण्याआधीच लेखी विचारून घेतलेलं बरं. आणि पाटी कोणतीही असो, प्रवासात माणसं केबिनमध्येच बसतात. यात्रेच्या दिवसांत टेम्पोच्या हौद्यात बसून जाण्याची आपल्याकडे सवय असली, तरी पोरांना 'मागे मोकळं बसू द्या' हा लाड इथे चालत नाही. हौद्यात ना सीट असते ना पट्टा.

५०० किलोंत काय काय बसतं?

आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक म्हणजे माणसांसह तुमच्या हातात असलेलं एकूण वजन. ते प्रत्येक गाडीचं आणि मॉडेलचं वेगळं असतं. समजा, हा फरक ५०० किलो आहे. मोठा वाटतो. आता हिशेब लावून पाहू.

आई, वडील आणि दोन मुलं मिळून २०० किलो. हौद्यावरचं फायबरचं झाकण ५५. टपावरचा तंबू ६०. दोन दिवसांचं पाणी, प्यायला आणि स्वयंपाकाला धरून ६० लिटर, म्हणजे ६० किलो. फ्रीज आणि त्यातलं सामान ३०. फ्रीजसाठी दुसरी बॅटरी २०. हौद्यातले प्लायवूडचे खण ६०. भांडी, शेगडी, छोटा सिलिंडर ३०. जॅक, हत्यारं, ओढायचा पट्टा, चाकाखाली घालायच्या फळ्या ४०. बेरीज ५५५.

म्हणजे लोखंडी बंपर आणि विंच अजून गाडीला लागलेही नाहीत, कपड्यांच्या पिशव्या घरातच आहेत आणि गाडी ५५ किलोंनी जड झाली आहे. 

मग गॅरेजवाला सांगतो, 'मागे कमानपाटा वाढवू, काम होईल.' गाडीची मागची बाजू त्याने वर उचलली जाते हे खरं. पण पाटा वाढवल्याने ब्रेक मोठे होत नाहीत, धुरा जाड होत नाही आणि आरसीवरचा आकडाही बदलत नाही. वरून जादा पाट्यांची गाडी रिकामी असताना इतकी आपटते की मागच्या सीटवरची मंडळी दुसऱ्या सहलीला नाहीच म्हणतील. पिकअपची मागची सीट मुळातच उभट पाठीची असते.

वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. पाण्याचे कॅन हौद्यात केबिनला लागून, तळाशी ठेवावेत. जड वस्तू मागच्या फळीकडे गेल्या की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग सैल वाटायला लागतं. टपावरच्या वजनाने वळणावर गाडी झुकते. टपाबाबत आणखी एक गफलत होते. तंबूत चौघं झोपली तरी चालतं, कारण तेव्हा गाडी उभी असते. चालत्या गाडीच्या टपाला किती वजन पेलतं याचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो. तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघायचा, तंबूच्या जाहिरातीत नाही.

फ्रीज की कडक भाकरी?

वजन कमी करण्याचा मार्ग सोलापूरच्या स्वयंपाकघरातच आहे. इथली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कित्येक दिवस टिकते, तीही फ्रीजशिवाय. भाजी वाटेतल्या आठवडी बाजारातून घेता येते. दोन रात्रींच्या सहलीसाठी फ्रीज काढला की त्याची बॅटरीही निघते, वायरिंगही निघतं आणि ५० किलो मोकळे होतात. प्लायवूडच्या खणांऐवजी मंडईत मिळतात तसे प्लास्टिकचे क्रेट पट्ट्याने बांधले, तर आणखी ४०-५० किलो वाचतात. अंथरुणाचंही तसंच. डिसेंबरच्या थंडीत सतरंजी आणि दोन सोलापुरी चादरी पुरेशा होतात, घडी घातल्या की क्रेटमध्ये मावतातही.

सामान लावायची पद्धत शिकायची तर आषाढी वारीतले दिंडीचे ट्रक पाहावेत. माउलींची पालखी नातेपुत्याकडून आणि तुकोबांची अकलूजकडून सोलापूर जिल्ह्यात येते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक वारकऱ्यांच्या आधी मुक्कामाला पोचलेले असतात. राहुट्या, ताडपत्री, पातेली, गॅस, शिधा असा शेकडो माणसांचा संसार रोज उतरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवला जातो. मुक्कामावर जे आधी लागतं ते शेवटी भरायचं, हा त्यातला साधा नियम. तंबू आणि ताडपत्री वर, शिधा मध्ये, सुटं सामान खाली. महागड्या सरकत्या खणांचं निम्मं काम एवढ्यानेच होतं.

धूळ हा मात्र इथला खास त्रास आहे. कच्च्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागच्या फळीच्या फटीतून माती आत ओढली जाते. हौद्यावर झाकण असूनही अंथरूण लाल होतं. फळीच्या कडेला दारांना लावतात तशी रबरी पट्टी बसवणं हा स्वस्त आणि वजन न वाढवणारा इलाज आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आणि आरसीशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा कलम १८२अ मध्ये आली.

व्हिडिओत सगळ्यात रुबाबदार दिसणारा लोखंडी बंपर किंवा बुलबार तर आधीपासूनच अडचणीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. कारण दिसण्याचं नाही, धडकेचं आहे. गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन धक्का शोषावा अशी रचना असते आणि एअरबॅग कधी फुगायची हेही त्या धक्क्यावरून ठरतं. मध्ये लोखंड आलं की ही साखळी बिघडू शकते, आणि समोरच्या पादचाऱ्याला बसणारा मार वाढतो तो वेगळाच.

म्हणून ढोबळ विभागणी अशी करता येईल: बांधता-सोडता येतं ते सामान, वेल्डिंग किंवा कापाकापी करून बसवलं तो बदल. हौद्यात पट्ट्याने बांधलेले क्रेट आणि जमिनीवर लावायचा तंबू हे सामान झालं. उंची वाढवणं, बाहेर डोकावणारी रुंद चाकं, हौदा कापून बसवलेली खोली यांसाठी आधी आरटीओला विचारणं भाग आहे. न विचारता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. ५,००० च्या दंडापेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

ज्यांना आत झोपायची सोय असलेली पूर्ण गाडीच हवी, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. तशा मोटार कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र मानक आहे आणि गाडी तपासणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते. महिंद्राने जुलै २०२२ मध्ये आयआयटी मद्रासमधून उभ्या राहिलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीबरोबर करार करून बोलेरो कॅम्परवर आधारित अशा गाड्यांची घोषणा केली होती. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. हौशी माणसाने गॅरेजात तेच जुगाड करण्यापेक्षा वर्षातल्या चार सहलींसाठी भाड्याने घेणं शहाणपणाचं ठरू शकतं.

चारही चाकं फिरली तरी काळ्या मातीत काय होतं?

पिकअपचं मागचं टोक रिकामं असताना हलकं असतं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी त्यामुळे ओल्या चढावर जागीच फिरते. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढायला लागतात आणि लो गिअरमध्ये वेग कमी होऊन जोर वाढतो. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सची ही सोय कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नाही. तिथे ती चालू ठेवली तर वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावायला जागा राहत नाही आणि गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

पण काळ्या मातीपुढे फोर बाय फोरचंही फारसं चालत नाही. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसानंतर ती टायरच्या खाचांत अशी भरते की नक्षीदार महागडा टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो. वाळूत टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते, चिकट काळ्या चिखलात त्याचा उपयोग मर्यादित. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. गाडीलाही तोच नियम लावावा. मुरमाड माळरान पावसानंतरही लवकर टणक होतं, काळं रान होत नाही.

उजनीच्या फुगवट्याचा काठ हा याहून फसवा. पाणी ओसरतं तसा गाळ उघडा पडतो, वरून वाळून पापडी धरतो आणि खाली ओलाच राहतो. माणूस चालत जातो तिथे दोन टनांची गाडी बुडते. शिवाय ही जमीन अनेक ठिकाणी गाळपेराची असते, म्हणजे तिथे कुणाचं तरी पीक उभं असतं. गाडी काठापासून दूर टणक जागी लावून चालत पाण्यापर्यंत जाणं, एवढाच त्यावर खात्रीचा उपाय.

अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने किंवा ट्रॅक्टरने काढताना पट्टा फक्त चेसिसच्या हुकात अडकवावा, ट्रॉली ओढायच्या गोळ्यात कधीच नाही. जोराच्या ओढीत तो तुटून गोळीसारखा उडतो. मुलं त्या वेळी पट्ट्याच्या लांबीपेक्षा लांब उभी हवीत.

माळरान मोकळं दिसतं, मग गाडी घातली तर?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज हे १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा भाग आहे. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. आता तो इथे दिसणंही दुर्मीळ झालंय. पण धाविक, चंडोल, टिटवी यांची घरटीही अशीच जमिनीवर असतात आणि मातीच्या रंगाची अंडी चालकाच्या सीटवरून दिसणं अशक्य. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहेच. त्याच्या हद्दीबाहेरच्या गवताळ माळावरही आधीच्या चाकोरीतूनच गाडी न्यावी. 'ऑफ-रोड'चा अर्थ डांबर नसलेला रस्ता इतकाच घेतला तरी सोलापूर, करमाळा, मंगळवेढ्याकडे गाडीची आणि चालकाची कसोटी लागेल इतके कच्चे रस्ते आहेत.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माती वाळलेली असते, रात्री गार असतात. पण त्याच काळात रानात ज्वारी उभी असते, त्यामुळे मुक्कामाची जागा मालकाला विचारूनच. विचारलं की बहुतेक ठिकाणी विहिरीचं पाणीही मिळतं आणि ६० लिटरचे ३० लिटर करता येतात.

स्वयंपाक तंबूबाहेर आणि गाडीबाहेर करावा. बंद झाकणाखाली शेगडी किंवा कोळसा पेटवला तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साईड झोपेतच घात करतो.

पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून, चौघांना बसवून, भुईकाट्यावर न्यावी. बाजार समित्या आणि साखर कारखान्यांमुळे या जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी. दोन्ही पावत्यांच्या वजाबाकीतून मागच्या धुऱ्यावरचा भार कळतो. एकूण आकडा आरसीपेक्षा जास्त आला तर पाणी, जॅक आणि ओढायचा पट्टा सोडून बाकीच्या क्रेटमधून वस्तू काढायला लागायचं. बहुतेकदा सुरुवात खुर्च्यांपासून होते.