वेबकॅम-धमकीपत्रे
वेबकॅम-धमकीपत्रे : संगणकात शिरकाव करून त्याच्या कॅमेऱ्याने आपले खाजगी क्षण टिपल्याचा दावा करणारे व ते चित्रण परिचितांना दाखविण्याची भीती घालून खंडणी मागणारे ई-मेल. बहुतेक प्रसंगी असे चित्रण अस्तित्वातच नसते. एकच मजकूर असंख्य पत्त्यांवर यंत्रवत धाडला जातो; त्यांपैकी थोड्यांनी जरी पैसे दिले, तरी गुन्हेगाराचा हेतू साध्य होतो. फॉर्पिक्स या बाधित संगणकांच्या जाळ्यातून तासाला ३०,००० पर्यंत अशी पत्रे जात असल्याचे २०१९ मध्ये आढळून आले.

स्वरूप : जुलै २०१८ पासून अशा पत्रांत प्राप्तकर्त्याचा खरा पासवर्ड नमूद केलेला आढळू लागला. त्यामुळे दावा खरा भासतो. परंतु हा पासवर्ड बहुधा एखाद्या संकेतस्थळावरून पूर्वीच चोरीस गेलेला असतो. उदा., लिंक्डइनवरून २०१२ मध्ये चोरलेली १६ कोटींहून अधिक खात्यांची माहिती २०१६ मध्ये विक्रीस आली. म्हणजे पासवर्ड हा जुन्या चोरीचा पुरावा ठरतो, कॅमेऱ्यावरील ताब्याचा नव्हे. काही पत्रे प्राप्तकर्त्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. ई-मेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या १९८२ च्या नियमावलीत प्रेषकाची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. लिफाफ्यावर कोणाचेही नाव घालावे, तसाच हा प्रकार होय. पडताळणीच्या पद्धती नंतर आल्या. तथापि त्या सर्वत्र काटेकोरपणे पाळल्या जात नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतील काही पत्रांना प्राप्तकर्त्याच्या घराचे छायाचित्रही जोडलेले होते. तेही ऑनलाइन नकाशांवरून सहज मिळू शकते.

ओळख : चित्रणाचा नमुना नसणे, एकदोन दिवसांची मुदत, बिटकॉइनसारख्या आभासी चलनाची मागणी आणि कोणासही न सांगण्याची ताकीद, ही या पत्रांची ठळक लक्षणे होत. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत घातक आहे. कारण लज्जेने एकाकी पडलेली व्यक्तीच पैसे देण्यास प्रवृत्त होते.

उपाय : पैसे देऊ नयेत व उत्तरही पाठवू नये, दोहोंमुळे पत्ता वापरात असल्याचे कळून मागण्या वाढण्याचा संभव असतो. जोडपत्रे व दुवे उघडू नयेत. उल्लेखिलेला पासवर्ड अद्याप कोठेही वापरात असल्यास तो तेथे त्वरित बदलावा, प्रत्येक खात्यास वेगळा पासवर्ड ठेवावा व द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. विश्वासातील व्यक्तीस घटना सांगावी.

कॅमेऱ्यावर दुरून ताबा मिळविणे अशक्य मात्र नाही. ब्लॅकशेड्स या तशा आज्ञावलीविरुद्ध मे २०१४ मध्ये अनेक देशांत कारवाई झाली. म्हणून संगणकाची प्रणाली अद्ययावत ठेवावी व वापर नसताना कॅमेरा झाकावा. धमकीबरोबर खरे चित्र आले असेल, तर पत्र न पुसता पुरावा म्हणून जपावे. तेव्हाही पैसे देऊ नयेत. भारतात १९३० या मदतक्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविता येते. खंडणीसाठी भीती घालणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३०८ नुसार गुन्हा आहे. तक्रारदार हा अपराधी नसून पीडित असतो, हे त्याने व त्याच्या कुटुंबीयांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.